भाकरी मोजणं बंद केलं तेव्हा

गृहपाल म्हणजे काय, हे मला माझ्या सासऱ्यांनाही कधी नीट समजावून सांगता आलं नाही. सून सरकारी नोकरीत आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, "लातूरला पोरी सांभाळती." तेही चूक नव्हतं. मुलींच्या वसतिगृहात राहायचं, त्यांचं दुखणंखुपणं बघायचं, शाळा बुडत नाही ना हे बघायचं, भेटायला आलेल्या बापांना चहा द्यायचा आणि न आलेल्या बापांबद्दल मुलींना काहीतरी सांगायचं. पण निम्म्याहून जास्त काम ताटाभोवतीच असतं. ज्वारी आली का, दळण झालं का, वरणाला डाळ पुरेल का. अख्खी नोकरी मी जेवणाच्या घंटेभोवती फिरत काढली.

आता निवृत्त झाले आहे. संध्याकाळी कॉलनीतल्या बायकांबरोबर फिरायला जाते. त्यांचं बोलणं सुरू होतं तेच मुळी काय खायचं नाही यावरून. कुणी भात सोडलाय, कुणी रात्रीचं जेवण, कुणी गव्हाला हात लावत नाही. एकदा मला विचारलं, "मॅडम, तुमचं कुठलं डाएट?" कुठलंच नाही म्हटलं तर त्यांना ते खरं वाटेना. मी काहीतरी लपवते आहे असं त्यांना वाटलं. लपवण्यासारखं काही नाही. पण खाण्याशी माझं सरळ जमलं ते फार उशिरा, आणि ते जमलं ते वसतिगृहातल्या मुलींमुळे. म्हणून हे लिहिते आहे.

माझं गाव नायगावच्या पलीकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका तर तिथं होत्याच, पण ज्यांच्या शेतावर आम्ही एरवी खुरपायला जायचो, त्या घरच्या बायकाही तोंडावर पदर ओढून खडीच्या ढिगाशी बसलेल्या असायच्या. हातोडीला जात नसते, हे मी तिथं पाहिलं. कामावर सुकडी मिळायची, पिठाची गोडसर भुकटी. आई स्वतःच्या वाट्याची पदरात बांधून आणायची. आणि घरी मिलो असायचा. ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची, आणि खाल्ल्यावर पोटात दगड ठेवल्यासारखं वाटायचं. तरी ती संपली की आम्ही भावंडं तव्याकडे बघत बसायचो.

पुढं पाऊस पडला, घरची ज्वारी आली, मिलो गेला. पण दुष्काळ संपल्याचं माझ्या पोटाला कुणी कळवलंच नाही. मी शिकले, नोकरीला लागले, तरी भिंतीकडे तोंड करून जेवायचे. भरभर जेवायचे. ताटातलं संपायच्या आत दुसरं वाढून घ्यायचे. पोट भरलं हे मला समजायचंच नाही, दुखायला लागलं की समजायचं. मग दुसऱ्या दिवशी स्वतःवर चिडून काही खायचे नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी तिथल्या मुलींच्या वसतिगृहावर नेमणूक झाली. गावभर नव्या पाट्या लागत होत्या. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत उघडल्या होत्या, आणि बाहेर झाडाखाली टेबल टाकून कारकून बसलेले दिसायचे. कुठला कागद जुन्या जिल्ह्याला पाठवायचा आणि कुठला नव्या, हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. आमचं वसतिगृह एका डाळमिलवाल्याच्या रिकाम्या घरात होतं. मिल शेजारीच. तुरीच्या डाळीचा वास भिंतींत मुरलेला होता. सुट्टीत घरी गेलेल्या मुलींच्या कपड्यांनाही तो यायचा म्हणे.

स्वयंपाकाला गिरजाबाई होत्या. निलंग्याकडच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. मुली त्यांना मावशी म्हणत. बोलता बोलता मधेच "अव्वा!" म्हणायच्या, कानडी मुलखाजवळच्या बायकांसारख्या. भाकरी मात्र अशी करायच्या की तव्यावर टाकली की टम्म फुगायची. नियम होता तो जुनाच. घंटा झाली की मुलींनी ताट घेऊन रांगेत यायचं, गिरजाबाई प्रत्येकीच्या ताटात दोन भाकरी टाकणार, वरण, भाजी असली तर भाजी. मी आले तेव्हा हे मला योग्यच वाटलं. सगळ्यांना सारखं, कुणावर अन्याय नाही.

त्या वर्षी आठवीत सुनंदा नावाची मुलगी आली. जळकोटकडच्या एका खेड्यातली. अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे. तोवर ती चुलत्याच्या घरी. तिथं मारझोड नव्हती, उपासमारही नव्हती. पण चुलती जे ताटात टाकेल ते खायचं, मागायचं नाही, एवढं ती शिकून आली होती.

एक दिवस तिच्या खोलीतल्या मुली तक्रार घेऊन आल्या. "मॅडम, सुनंदाच्या पेटीत उंदीर शिरतेत. ती भाकरी चोरून आणती."

मी खोलीवर गेले. बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि सुनंदाला म्हटलं, "तूच उघड." तिनं पत्र्याची पेटी उघडली. कपड्यांच्या खाली जुन्या ओढणीत बांधलेले भाकरीचे तुकडे होते. वाळून खापरीसारखे झालेले. काहींना बुरशी आली होती. चोरी कसली, तिच्याच दोन भाकरींतली ती रोज अर्धी बाजूला ठेवत होती.

"खातेस कधी हे?"

"न्हाई."

"इथं जेवून पोट भरत नाही का?"

"भरतंय मॅडम."

"मग?"

ती ओढणीची गाठ सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, "नुसतं असू द्या वाटतं. पेटीत हाय म्हणलं की झोप लागती."

मी त्या पलंगावर तिच्याजवळ बसले. ती जे सांगत होती ते मला आतून ठाऊक होतं. मी स्वतः तोवर पर्समध्ये गुळाचा खडा घातल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते.

मी तिला माझा ॲल्युमिनियमचा डबा दिला. म्हटलं, "रोज सकाळी मावशीकडून यात एक ताजी भाकरी घ्यायची. कालची परत द्यायची. ही तुझी. जेवणातली नाही, वेगळी. आणि जेवणातल्या दोन्ही खायच्या."

"आन् मी डब्यातली खाल्ली न्हाई तर?"

"नको खाऊस. नुसती असू दे."

गिरजाबाईंना हे पटलं नाही. "बाई, एकीला दिली की समद्या मागतेत. आन् का मागू नयेत?"

त्या चिडून बोलल्या होत्या, पण प्रश्न बरोबर होता. का मागू नयेत? मी दोन दिवस मुलींना जेवताना नीट पाहिलं. दहावीतली उंच मुलगी दोन भाकरी खाऊन ताट चाटत होती. पाचवीतली चिमुरडी दुसरी भाकरी पाण्याबरोबर ढकलत होती, कारण टाकली तर ओरडा बसायचा. दोघींच्याही पोटाला कुणी काही विचारत नव्हतं. आणि सगळ्याच भरभर खात होत्या. माझ्यासारख्या.

मी गिरजाबाईंना म्हटलं, "उद्यापासून रांग नको. पडवीत गोल बसवायचं. भाकरी दुरडीत ठेवून मधे ठेवायच्या. जिला जेवढी लागेल तेवढी तिनं घ्यावी."

"अव्वा! पीठ काय हिरीचं पानी हाय का बाई, शेंदलं की येतंय?"

पहिले काही दिवस गिरजाबाईंचं म्हणणंच खरं ठरेल असं वाटलं. दुरडी ठेवली की हातांची झुंबड उडायची. मुली तीन-तीन, चार-चार भाकरी ओढून मांडीवर ठेवायच्या. अर्ध्या तशाच राहायच्या. काहींची पोटं दुखली. एकीला उलटी झाली. गिरजाबाईंचे हात थापून थापून भरून यायचे, आणि त्या माझ्याशी बोलणं सोडून भांड्यांशी बोलायच्या. पिठाचा डबा रोज खाली जाताना दिसत होता. मी बाहेरून शांत होते, पण आतून घाबरले होते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, की कुणी वरून सांगितलं नव्हतं. मला फक्त एवढं वाटत होतं की उद्याची खात्री नसलेलं माणूस उद्याचंही आजच खातं. खात्री पटायला वेळ लागणार. पण पीठ तेवढा वेळ देईल का?

नाहीच दिला. महिना संपत आला आणि ज्वारीची पोती आली नाहीत. कुठं अडकली ते चार ठिकाणी हेलपाटे घालूनही कळलं नाही. बाजारच्या दिवशी येतील, एवढंच आश्वासन मिळालं. मोजून वाढायला परत सुरुवात करावी असं माझ्याही मनात आलं. पण मग इतके दिवस आपण त्यांना जे सांगितलं त्याला काही अर्थ उरणार नव्हता. मी संध्याकाळी सगळ्यांना पडवीत बसवलं आणि आहे ते सांगितलं. पीठ कमी आहे. बाजारपर्यंत सकाळी भाकरी थोड्या असतील, संध्याकाळी तुरीच्या घुगऱ्या आणि आंबील. दुरडी मधेच राहील. घेताना शेजारणीकडे बघून घ्या.

मग मागून एक मोठी मुलगी म्हणाली, "मग सुनंदाच्या डब्यातली बी टाका की दुरडीत."

सगळ्या सुनंदाकडे बघायला लागल्या. तिनं डबा पोटाशी धरला. गिरजाबाईंनी हातही पुढं केला होता. त्यांचं काही चुकत नव्हतं. पडवीभर भुकेल्या मुली असताना एकीकडे जास्तीची भाकरी का?

मी म्हटलं, "डब्यातली तिची आहे. ती दुरडीत यायची नाही."

"पर मॅडम, ती तर खात बी न्हाई!"

"नाही खाल्ली तरी तिचीच. शब्द दिलाय मी तिला."

कुणाला आवडलं नाही. मला काही मुलींनी त्या आठवड्यात मोकळेपणानं हाकही मारली नाही. पण एक गोष्ट झाली. दुरडीत भाकरी कमी असताना झुंबड उडाली नाही. मोठ्या मुली लहानींना आधी घेऊ देत होत्या. कुणीही मांडीवर साठवलं नाही. घुगऱ्या खाताना हसणंसुद्धा ऐकू आलं.

बाजारच्या दिवशी बैलगाडीतून पोती आली. गिरजाबाईंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त भाकरी केल्या, मुली तुटून पडतील म्हणून. जेवणं झाली आणि दुरडीत भाकरी उरल्या. गिरजाबाई दुरडीकडे बघत राहिल्या. "पोरी आजारी हायेत का काय?" त्यांनी मला विचारलं. आजारी नव्हत्या. पोटं भरली होती, आणि हात तिथंच थांबले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी गिरजाबाईंनी हाक मारली, "सुनंदे, तुजा डबा ऱ्हायला गं!"

"ऱ्हाऊ द्या मावशी, उद्या घेते," ती दप्तर घेऊन पळता पळता म्हणाली.

उद्याही घेतला नाही. परवाही नाही. मग गिरजाबाईंनी तो धुऊन त्यात हळद भरली.

मीही तोवर मुलींबरोबर पडवीत जेवायला बसायला लागले होते. त्यांच्याकडे तोंड करून. मुली जेवताना इतक्या बोलतात की भरभर जेवताच येत नाही. कुणी शाळेतली गंमत सांगते, कुणी गुरुजींची नक्कल करते, घास हातातच राहतो. एक दिवस दुसरी भाकरी अर्धी झाली आणि मला वाटलं, बास. दुखलं नव्हतं, नुसतं भरलं होतं. असं मला पहिल्यांदाच कळलं. मी उरलेली अर्धी भाकरी दुरडीत परत ठेवली.

आईच्या बाबतीत मात्र मला हे जमलं नाही. ती पुढं माझ्याकडे लातूरला राहायला आली. घरात सगळं होतं. तरी ती उंबऱ्याशी बसून, सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं खायची. तिच्यापुढं भरलेली दुरडी ठेवली तर ती झाकायला फडकं शोधायची. "तुमास्नी होईल गं," म्हणायची. कितीतरी मुलींना मी पोटभर जेवताना पाहिलं, आईला पाहिलं नाही. ते राहूनच गेलं.

सुनंदा दहावीत गेली तेव्हा वैजयंता आमच्याकडे आली. अहमदपूरजवळच्या शेतकरी घरची, अकरावीला. भरल्या अंगाची, गोऱ्या हसऱ्या तोंडाची. आली तेव्हा घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं असं घेऊन आली आणि सगळ्या पडवीला वाटून मोकळी झाली. जेवायला बसली की तिच्याभोवती मुली गोळा व्हायच्या. आंबाडीची भाजी तिच्या आईच्या हातची कशी असते, हे ती असं सांगायची की ऐकणाऱ्याला भूक लागावी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली ती वेगळीच. पण पडवीत आता कुणी कुणाचं मोजत नव्हतं, त्यामुळे पटकन लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते सुनंदाच्या. ती एकटीच माझ्या खोलीत आली.

"मॅडम, वैजयंताताई जेवत न्हाई. भाकर कुस्करती आन् वाटीखाली दडवती. मग उष्ट्यात टाकती."

"तुला कसं कळलं?"

"मला कळतंय की." आणि ती किंचित हसली.

मी वैजयंताला लगेच बोलावलं नाही. बोलावून "जेव" म्हटलं असतं तर तिनं माझ्यासमोर जेवून दाखवलं असतं. पण तीन-चार दिवसांत ती कॉलेजातून येताना मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर चक्कर येऊन पडली. एका हमालानं पाणी मारलं, रिक्षात बसवून आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नाचा कण नाही, बाकी काही झालेलं नाही.

तिच्या उशाशी बसले तेव्हा ती सांगायला लागली. दिवाळीत तिला बघायला पाहुणे आले होते. मुलगा नोकरीवाला. निघताना मुलाची आत्या म्हणाली होती, "पोरगी दिसायला चांगली हाय, पर अंगानं जड हाय. जरा उतरली की कळवा, पुन्हा येतो." तिच्या मोठ्या भावानं, माधवनं, हे मनावर घेतलं होतं. वडील थकलेले, घर त्याच्यावर. हे स्थळ सुटू नये म्हणून त्यानं तिला ताकीदच दिली होती.

"दादा म्हणला, तोंड आवर. म्हणून आवरून राहिले मॅडम."

मी तिला काही शिकवलं नाही. तेव्हा हुरड्याचे दिवस होते. गावाबाहेर आमच्या एका शिक्षिकेचं शेत होतं. रविवारी सगळ्या मुलींना तिकडे घेऊन गेले. थंडी चांगली पडली होती. आगटी पेटवली, कणसं भाजली, आणि पोत्यावर बसून मुली गरम कणसं तळहातांवर चोळायला लागल्या. वैजयंता इतकं सुंदर चोळत होती की तिच्या हातून एकही दाणा सांडत नव्हता. पण चोळून ती दुसऱ्यांच्या हातांवर ठेवत होती. तिचे हात काळे झाले, तोंड कोरडंच.

मी शेजारी बसले. "आवडत नाही का?"

तिचे डोळे भरून आले. "लई आवडतं. म्हणूनच भ्या वाटतं. एकदा सुरू केलं की थांबताच येणार न्हाई, असं वाटतं."

"मलाही असंच वाटायचं," मी म्हटलं. आणि तिला भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली.

"मग तुम्ही कसं थांबवलं?"

"मी नाही थांबवलं. हे उद्याही मिळणार आहे, परवाही मिळणार आहे, हे पोटाला पटू दिलं. मग ते आपलं आपण थांबायला लागलं."

तिनं हातातल्या हिरव्या दाण्यांवरची फोलपटं फुंकून उडवली. मग तिनं एक मूठ तोंडात टाकली. डोळे मिटून चावली. मग चटणीबरोबर, मग गुळाबरोबर. खात राहिली. मी दुसरीकडे बघत होते, पण कान तिच्याकडेच होते. खूप वेळानं तिनं उरलेला हुरडा सुनंदाच्या ओंजळीत ओतला आणि म्हणाली, "बास झालं मला." म्हटल्यावर स्वतःच चकित होऊन आमच्याकडे बघायला लागली.

एवढ्यानं सगळं ठीक झालं असं नाही. पुढं कितीतरी दिवस ती भाकरी घेताना थबकायची. पण दडवणं थांबलं.

संक्रांतीनंतर माधव तिला न्यायला आला. पाहुणे पुन्हा येणार होते. पंचविशीतला तरुण, उन्हानं रापलेला, पायात करकरीत नवी चप्पल. बहिणीकडे वरपासून खालपर्यंत बघून मला म्हणाला, "मॅडम, हिचं खाणं कमी केलं न्हाई का तुम्ही?"

"इथं कुणाचंच खाणं कमी करत नाहीत, भाऊ."

"आमची सोयरीक मोडंल ह्याच्यापायी. तुम्हाला काय हाय?"

तो तिला घेऊन गेला.

आठवडाभरानं दोघं परत आले. तो पुढं, ती मागं. दारातच म्हणाला, "पेटी न्यायला आलोत. शाळा बास झाली हिची."

काय झालं ते त्यानंच सांगितलं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून घरात कुणी तिला खायला दिलं नव्हतं, दुपारी ते आले. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन सुशीला केला होता. ती ताटल्या घेऊन गेली, तर ती आत्या हसत म्हणाली, "हिला नका देऊ, आधीच बक्कळ हाय." सगळे हसले. आणि वैजयंता एक ताटली घेऊन तिथंच सतरंजीवर बसली आणि शांतपणे खायला लागली. पूर्ण खाल्लं, पाणी प्यायली, ताटली घेऊन आत गेली. संध्याकाळी नकार आला.

मला हसू आवरलं नाही.

"तुम्ही हसून राहिल्या का मॅडम?" माधव रागानं लाल झाला. "इथंच शिकली ती हे!"

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. गिरजाबाई बाहेर आल्या, दोघांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "पाव्हणं, आधी जेवा. अहमदपूरहून उन्हातान्हातनं आलाव. पेटी काय पळून चालली का?"

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला ती दुपार शेवटी ठेवायची आहे. वैजयंताची पेटी त्या दिवशी हलली नाही. ती बारावी झाली, नर्सिंगला गेली, नांदेडला नोकरीला लागली. लग्न केलं ते तिथल्याच एका शिक्षकाशी, घरच्यांना सांगून, सगळ्यांच्या समोर. सुनंदा जळकोटला अंगणवाडीवर होती, आता तिथंच सुपरवायझर आहे. सगळ्याच मुलींचं असं झालं नाही. काहींना दुरडी मधे ठेवून पुरलं नाही, त्यांचं दुखणं दुसरीकडे होतं आणि माझे हात तिथवर पोचले नाहीत. पण या दोघी अजून येतात, दिवाळीला एकत्र बसून जेवतो.

तर ती दुपार. माधव हात धुऊन पडवीत कडेला बसला. कुणीतरी वाढेल म्हणून वाट बघत राहिला. कुणी वाढेना. सुनंदानं दुरडी त्याच्यासमोर सरकवली.

"किती घ्यायच्या?" त्यानं बिचकत विचारलं.

"लागतील तेवढ्या," ती म्हणाली.

त्यानं एक घेतली. वरणात कुस्करून मोठमोठे घास घेऊन संपवली. दुसरी घेतली, तीही तशीच. मग इकडे तिकडे बघून पटकन तिसरीला हात घातला. मान खाली, कोपर ताटाभोवती, जणू कुणी ओढून नेईल. तो वेग माझ्या ओळखीचा होता. माझा राग कुठल्या कुठं गेला.

मी विचारलं, "दुष्काळात केवढे होतात, भाऊ?"

तो थांबला. "असंल दहा-बारा वर्षांचा." मग ताटाकडे बघतच बोलायला लागला. "जमीन होती, पर नुसती धूळ. बा आन् माय खडीवर जायचे. हिला माझ्यापाशी ठिवायचे. ही एवढीशी. मिलोची भाकर हिला पचायची न्हाई, वकायची. मग सुकडी पाण्यात कालवून बोटानं चारायचो. हिची संपली की माझी. काडी झाली होती निस्ती. बाया म्हणायच्या, ही पोरगी जगत न्हाई. मी म्हणायचो, जगती. दिवसभर हिच्या तोंडात काय न् काय घालत बसायचो..."

आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं.

"दादा," वैजयंता हळूच म्हणाली, "हे मला कधी सांगितलं न्हाईस."

"सांगण्यासारखं काय हाय त्यात."

त्यानं हातातली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी तिच्या ताटाकडे केली. हात तसाच मधे राहिला. ठेवावी की नाही, हे त्याचं त्यालाच कळेना.

वैजयंतानं त्याचा हात अलगद त्याच्याच ताटाकडे वळवला. "तू खा दादा, पोटभर," ती म्हणाली, आणि दुरडी स्वतःकडे ओढली. "मी माझं घेते."